तीन मिनिटांचा रकाना

दवाखान्यात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या बाळंतपणाच्या खोलीत तिने सत्तावीस वर्षं काढली होती आणि तिचं नाव पडलं होतं चुटकी सिस्टर. बाळ बाहेर आलं की नाळेला दोन चिमटे, मध्ये कात्री आणि बाळ दुपट्यात, हे सगळं चुटकी वाजवायला लागेल तेवढ्यात. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणायच्या, हिच्या हाती आलेल्या मुलाला आपण जन्मलो हे मागाहून कळतं. हे कानावर आलं की ती वरवर नाक मुरडायची आणि आतून सुखावायची. आपल्या हाताचं कौतुक कुणाला आवडत नाही?

ही चपळाई काही ती जन्माला येताना घेऊन आली नव्हती. ती शिकत होती तेव्हा तिथे मोठ्या बाई म्हणून एक जुन्या परिचारिका होत्या. नाळ हातात धरून ही जरा थबकली की मोठ्या बाई चिमट्याच्या बोथट बाजूने हिच्या मनगटावर टिचकी मारायच्या आणि विचारायच्या, "मुहूर्त बघतेस काय गं?" त्या काळी सगळीकडे तसंच शिकवत. नाळ लवकर बांधली की आईचं रक्त कमी जातं, बाळ लवकर उबेत जातं, असं सगळे मानत. त्यात मोठ्या बाईंचं पाप नव्हतं आणि हिचंही नव्हतं. पाप पुढे झालं, आणि ते हिने एकटीने केलं.

सव्वा वर्षापूर्वी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळे त्यांना छोटी डॉक्टर म्हणत. त्यांनी एका दुपारी खालच्या खोलीतल्या सगळ्यांना बोलावलं आणि समजावून सांगितलं. बाळ जन्मलं तरी त्याच्या रक्ताचा बराचसा वाटा अजून आईच्या पोटातल्या वारेत असतो. नाळ दोन-तीन मिनिटं ठोके देत राहते आणि तो वाटा बाळाकडे पोचवते. आपण ती आधीच कापली की ते रक्त वारेत अडकतं आणि वारेबरोबर बादलीत जातं. पुढे पाच-सहा महिन्यांनी मूल फिकं पडतं, तेव्हा आपण आईच्या खाण्यापिण्याला दोष देतो. तेव्हा बाळ आईच्या पोटावर ठेवा, पुसा, पांघरा आणि तीन मिनिटं थांबा. जे मूल रडत नाही, श्वास घेत नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याची नाळ लगेच कापून त्याला टेबलावर घ्यायचं.

छोट्या डॉक्टरांना हे आपल्याच दवाखान्यात पडताळून पाहायचं होतं. खालच्या खोलीत थांबायचं, वरच्या मजल्यावरच्या बाळंतपणाच्या खोलीत सध्या चाललंय तसं चालू द्यायचं, आणि सहा महिन्यांनी लसीकरणाला येणाऱ्या मुलांचं रक्त तपासून ताडून बघायचं. खालच्या खोलीतली फक्त चुटकी सिस्टरच्या पाळीतली बाळंतपणं त्यांनी धरली होती, कारण तिच्या कामात कधी कसूर नसते असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. नोंदवहीत एक नवा रकाना आखला गेला. नाळ किती वेळाने बंद केली?

पहिल्याच सकाळी बाळ आलं, तिचे हात चालले, नाळ कापली गेली, आणि मग तिला आठवलं की थांबायचं होतं. दहा सेकंदही झाले नसतील. नवी कोरी वही, पहिलीच ओळ, आणि त्यात दहा सेकंद लिहायचे? तिला लाज वाटली. तिने तीन लिहिलं आणि मनाशी म्हटलं, उद्यापासून.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टेबलावरची बाई कळा देत होती. तीन मिनिटं म्हणजे किती, हे कुणी घड्याळाकडे बघत उभं राहिलं तरच कळतं. हातात चिमटा घेऊन ती पाहुण्यासारखी उभी राहिली, पायावर पाय बदलला, आणि अर्धं मिनिट होतंय न होतंय तोच हाताने आपलं काम उरकून टाकलं. पुन्हा तीन. महिनाभरात अशी सवय झाली की सकाळी आल्या आल्या पानावर ओळी आखतानाच ती त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तीन लिहून मोकळी व्हायची, पोस्टात शिक्के मारावेत तशी. बाळं नंतर जन्मायची.

तिला हे खोटं वाटत नव्हतं असं नाही. पण दवाखान्यात रकाने फार. फरशी किती वेळा पुसली, खिडक्या किती वेळा उघडल्या, सगळ्यांनाच रकाने होते आणि ते कसे भरले जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यातलाच हा एक, अशी तिने मनाची समजूत घातली. वर्षाच्या शेवटी सगळ्या विभागांच्या वह्या तपासल्या, तेव्हा हिची वही सर्वांत चोख ठरली. एकही जागा रिकामी नाही, एकही खाडाखोड नाही. मेट्रनबाईंनी ती वही आपल्या खोलीबाहेर स्टुलावर ठेवली, इतरांनी बघून शिकावं म्हणून. जाता-येता ती दिसायची. पहिले काही दिवस चुटकी सिस्टर तिकडे बघायची, नंतर बघेनाशी झाली.

खरं काय ते एकीला माहीत होतं. खोलीतल्या मावशी. लादी पुसणं, कपडे बदलणं आणि बाळंतपण झालं की वारेची बादली उचलून नेणं हे मावशींचं काम. मावशींना आकडे लिहिता येत, सही जमे, बाकी लिहिण्यावाचण्याशी त्यांचं वाकडं. तोंड मात्र धारेचं. बादली उचलताना त्या नेहमी काहीतरी पुटपुटायच्या आणि चुटकी सिस्टर नेहमी त्यांना म्हणायची, मावशी, तोंड कमी आणि हात जास्त चालवा.

त्या वर्षात एकदाच ती खरोखर थांबली. तीही आपणहून नाही. त्या दिवशी हत्यारं उकळून ठेवलेल्या डब्याचं झाकण अडकलं. बाळ तर आलं होतं, ठणठणीत, टाहो फोडत. हिच्या एका हाताखाली बाळ आणि दुसऱ्या हातात नाळ, आणि मावशी झाकणाशी झटत होत्या, डबा पोटाशी धरून, त्याला शिव्या मोजत. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिने नाळेकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत हजारो नाळा हातातून गेल्या असतील, पण नाळ अशी बघायची वेळ कधी आली नव्हती. निळसर, जाड, पीळ दिलेली. बोटांमध्ये धडधडत होती, मुठीत चिमणी धरावी तशी. एक-एक ठोका बाळाकडे जात होता. मग ठोके मंदावले, नाळ पांढरी पडत गेली, सैल झाली, आणि शेवटी धुतलेल्या नाडीसारखी हातात निपचित राहिली. ओरडणारं बाळ गप्प होऊन आईच्या छातीवर डोळे उघडून बघत होतं, चांगलं लालबुंद.

झाकण निघालं. नाळ कापली. थोड्या वेळाने मावशींनी बादली उचलली आणि हातात जरा तोलून पाहिली.

"आज हलकी आहे, बाई," त्या म्हणाल्या.

तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. नोंद करायला वही उघडली तर त्या ओळीत तीन आधीच लिहिलेला होता. तिला काहीच लिहावं लागलं नाही.

मग गेल्या महिन्यात, एका दुपारी, छोट्या डॉक्टर हातात कागदांचं भेंडोळं घेऊन खालच्या खोलीत आल्या. चुटकी सिस्टर दुपट्यांच्या घड्या घालत होती. डॉक्टर स्टुलावर बसल्या, जरा हिरमुसल्यासारख्या, आणि सांगू लागल्या. पावणेदोनशे मुलांचं रक्त तपासून झालं होतं. वरच्या खोलीतली मुलं आणि खालच्या खोलीतली मुलं, दोघांच्या रक्तात तसूभर फरक नव्हता.

"दुसऱ्या कुणाची वही असती तर मी म्हटलं असतं, नोंदीच खोट्या असतील," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमची वही आहे. तेव्हा मान्य करायलाच हवं. आपल्याकडे थांबून काही उपयोग होत नाही, असंच मला लिहावं लागणार."

येत्या सोमवारी त्या हे सगळ्या डॉक्टरांसमोर वाचून दाखवणार होत्या. आजूबाजूचे आणखी दहा-बारा दवाखाने याच निकालाची वाट बघत थांबले होते. उपयोग नाही म्हटल्यावर कोण कशाला थांबेल? आपल्याकडचाही रकाना काढून टाकू, तुमच्या डोक्याचा ताप जाईल, असं म्हणून त्या हसल्या आणि गेल्या.

चुटकी सिस्टरने घातलेली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. आपण एक आकडा खोटा लिहिला की तो वहीत पडून राहतो, असं तिला वाटत आलं होतं. तो वहीतून उठून चालू लागेल आणि दहा-बारा दवाखान्यांच्या दारात जाऊन उभा राहील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पाळी संपवून ती निघाली. वाट लसीकरणाच्या खोलीवरून जायची. बाकावर आया मुलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीने तिला ओळखलं आणि लगबगीने उठली. "सिस्टर, बघा, तुमच्या हातचं बाळ," असं म्हणून तिने मूल हिच्या हातात दिलं. सहा महिन्यांची मुलगी, गुबगुबीत, हसरी. हिने सवयीने तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने जराशी ओढून पाहिली. आतला गुलाबी रंग फिका होता. त्याला शंभर कारणं असू शकतात, हे तिला कळत होतं. पण यातलं एक कारण आपण नाही, असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. ते रक्त या पोरीचं होतं. तिच्या दारापर्यंत आलेलं, आणि हिने दार लावून घेतलं होतं. आई हिच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की हिने मूल परत देताना नजर वर केली नाही.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याजवळ विषय काढला, पण आडून. नवरा वीज खात्यात मीटर वाचायच्या नोकरीतून निवृत्त झालेला. ती म्हणाली, आमच्याकडे एकीने वर्षभर न बघताच आकडे भरले असं निघालंय. नवरा खो-खो हसला.

"आमच्यात याला घरबसल्या रीडिंग म्हणायचे," तो म्हणाला. "एका गड्याने तर जळून गेलेल्या दुकानाचंसुद्धा सहा महिने रीडिंग लिहिलं. दर महिन्याला थोडं वाढवून."

एरवी तीही हसली असती. ती हसली नाही म्हणून त्याने मान वर करून पाहिलं, आणि घास हातातच राहिला. तीस वर्षांचा संसार, त्याला आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

"मीटरचं पुढच्या महिन्यात सुधारता तरी येतं गं," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या मनात तिला टोचायचं नव्हतं. पण टोचलंच.

सकाळी अंघोळ करून ती देवापुढे उभी राहिली. रोज बाळंतपणाच्या खोलीत शिरण्याआधी ती एकच मागणं मागायची, देवा, माझ्या हाताला यश दे. त्या दिवशी ते ओठांवर येईना. देवाला वही दाखवायची सोय नव्हती. त्याने प्रत्येक नाळ पाहिली होती. ती नुसतीच हात जोडून उभी राहिली, आणि मनात आलं की हातांचे फार लाड करून झाले आपले. मग चपला घालून निघाली.

छोट्या डॉक्टरांच्या खोलीत ती गेली ती स्टुलावरची वही काखेत मारूनच. डॉक्टर उठून म्हणाल्या, या या, सिस्टर. तिने वही टेबलावर ठेवली आणि बसली नाही.

"यातले तीन खोटे आहेत," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं तीन नोंदी. त्यांनी पेन उचललं, कोणत्या ते विचारलं.

"कोणत्या म्हणजे, सगळ्या. मी थांबलेच नाही कधी. पहिल्यासारखीच कापत होते. रकाना सकाळीच भरून ठेवायचे."

बाहेर मावशी व्हरांडा पुसत होत्या, फडक्याचा ओला आवाज तेवढा येत होता. डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. रागावून त्या काही बोलल्या असत्या तर हिला सोपं गेलं असतं. त्या वहीची पानं उलटत राहिल्या. पान, पान, पान, तीन, तीन, तीन.

"एकही खरी नाही?" त्यांनी शेवटी विचारलं.

एक होती. तिने झाकण अडकल्याचं सांगितलं, नाळ पांढरी पडल्याचं सांगितलं. पान शोधायला गेली तर तिला ती ओळ सापडेना. सगळ्या ओळी सारख्याच. मुलगा होता की मुलगी हेही आठवेना, नुसते उघडे डोळे आठवत होते. सव्वा वर्षात एक काम तिने नीट केलं होतं, आणि तेसुद्धा तिच्याच खोट्या आकड्यांच्या गर्दीत असं हरवलं होतं की तिला स्वतःला ते ओळखता येत नव्हतं. तिथे मात्र तिला रडू फुटलं. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

"माझं एक वर्ष गेलं, सिस्टर," त्या म्हणाल्या. "आणि त्या मुलांचं काय गेलं ते मला सांगता येणार नाही."

ती मान खाली घालून उभी राहिली. माफीही तिने मागितली नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मेट्रनबाईंनी लेखी ताकीद दिली. खोलीचा ताबा तिच्याहून बारा वर्षांनी लहान सिस्टरकडे गेला. स्टुलावर आता पाण्याचं पिंप आलं. वरच्या मजल्यावरच्यांना कळायला अर्धा दिवसही लागला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की बोलणं थांबायचं आणि मग कुणीतरी उगाच हवापाण्याचा विषय काढायचं. चुटकी सिस्टर हे नाव कुणी घेईना. कुणी चेष्टेने का होईना घेतलं असतं, तर बरं वाटलं असतं.

छोट्या डॉक्टरांनी सोमवारी काही वाचलं नाही. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. नवी वही, तोच रकाना, पण त्याच्यापुढे आता दोन सह्या, एक नाळ कापणाऱ्या सिस्टरची आणि एक घड्याळ बघणाऱ्याची. घड्याळ बघायला त्यांनी मावशींना उभं केलं. भिंतीवरचं घड्याळ दिव्याच्या झोतामागे दिसायचं नाही, म्हणून मावशींच्या गळ्यात नाडीने एक घड्याळ अडकवलं.

ज्यांना आयुष्यभर तोंड कमी चालवा म्हणून दटावलं, त्यांच्याच समोर आता तिला हात आवरून उभं राहायचं होतं. पहिल्या बाळाला हात आपोआप चिमट्याकडे गेला. मावशींनी नुसतं खाकरलं. हात मागे आला. मावशी घड्याळात बघून मिनिट झालं की सांगायच्या, एक. मग, दोन. ही बोटांत नाळ धरून ठोके ऐकत राहायची आणि तिला कळायचं की हे सगळे ठोके तिने सव्वा वर्ष, आणि त्याआधी कितीतरी वर्षं, मध्येच तोडले होते. आधीची वर्षं अज्ञानात गेली, ती देवाच्या पदरात घालता येत होती. सव्वा वर्ष घालता येत नव्हतं.

"तुम्ही कधी बोलला का नाहीत, मावशी?" एकदा बाळ आईजवळ दिल्यावर तिने विचारलं.

"बोलले होते की," मावशी म्हणाल्या. "बादली हलकी आहे म्हणून. तुम्ही म्हणाला, तोंड कमी चालवा."

असं ती त्या दिवशी म्हणाली नव्हती. पण त्याआधी इतक्या वेळा म्हणाली होती, की नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

नव्या वहीत एकवीस ओळी झाल्या. सगळ्या तीनच्या, आणि सगळ्या खऱ्या. बाविसावं बाळ आलं ते निळं आणि लुळं. तिने त्याला पुसलं, पाठ चोळली, पायाच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या. मूल गप्प. मावशींनी अजून 'एक' असंही म्हटलं नव्हतं. चिमटा, चिमटा, कात्री, आणि मूल टेबलावर, तोंडावर मास्क, छोट्या डॉक्टर धावत आलेल्या. जुने हात त्या दिवशी उपयोगी पडले. दीड-दोन मिनिटांनी ते मूल कुरकुरलं, मग चिडून रडलं, आणि आई इतका वेळ धरून ठेवलेला हुंदका सोडून मोकळी झाली.

सगळं आवरल्यावर तिने वही उघडली. वर एकवीस तीन, एकाखाली एक, सरळ रेषेत. त्याखाली पंचवीस सेकंद लिहायचे होते. या ओळीवर डॉक्टरांची नजर सगळ्यांत आधी अडखळणार, हे तिला दिसत होतं. त्या मावशींची सही बघणार, मावशींना बाजूला घेऊन विचारणार, आणि विचारलंच पाहिजे. तिच्या शब्दावर आता कुणी विसंबणार नव्हतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. तरी क्षणभर पेनाचं टोक कागदावर टेकून राहिलं, हाताला तो सोपा आकडा ठाऊक होता.

तिने पंचवीस सेकंद लिहिले. पुढे लिहिलं, मूल रडलं नाही. सही केली आणि वही मावशींपुढे सरकवली. मावशींनी जीभ दातांत धरून, प्रत्येक अक्षराला पुरेसा वेळ देत, आपली सही काढली. मग वाकून बादली उचलली आणि हातात तोलली.

"आज जड आहे, बाई."

"हो," ती म्हणाली. "तसंच लिहिलंय."